पारपत्र आणि त्याची मुदत

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. हिशेबाला चोख आणि कागदपत्रांना जपणारे. विजेची बिले आणि घरपट्टीच्या पावत्या सालवार लावून ठेवणारा हा माणूस. त्यांची मुलगी जकार्त्यास असते. तिचे दिवस भरत आले तेव्हा काकाकाकूंनी महिनाभर तिकडे जाऊन राहायचे ठरवले. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा झाला, तिकिटे आली. आणि विमानतळावर, सामान काट्यावर चढवल्यानंतर, खिडकीमागच्या मुलीने काकांचा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला आणि ती म्हणाली, "काका, तुम्हाला या पासपोर्टावर जाता यायचं नाही."

पासपोर्टाची मुदत संपायला चार महिने अवकाश होता. काका पुन्हा पुन्हा एकच विचारीत राहिले, "अहो, पण मुदत आहे ना अजून?" मुदत होती, यात शंका नाही. परंतु इंडोनेशियात उतरणाऱ्या परक्या माणसाच्या पासपोर्टाला, उतरण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक असली पाहिजे, असा तिकडचा नियम आहे. काकूंचा पासपोर्ट नवा होता. उभ्या आयुष्यात एकटीने साताऱ्यापलीकडे न गेलेली ती बाई त्या रात्री एकटी समुद्रापार गेली, आणि काका आपली बॅग घेऊन घरी परत आले. नवा पासपोर्ट होऊन ते पोहोचले तेव्हा नातवाचे बारसे होऊन गेले होते.

मी इतिहास शिकवतो. काकांचे गाऱ्हाणे ऐकताना मला वाटू लागले, की त्यांच्या प्रश्नाला इतिहासाने काही उत्तर दिले पाहिजे. स्वतःच्या सरकारने दिलेला कागद, त्यावर स्वतःच्या सरकारने घातलेली तारीख. आणि ती तारीख पुरेशी आहे की नाही हे मात्र ठरवणार दुसराच कोणी! हा काय न्याय? चला, जरा मागे जाऊन पाहू.

'पासपोर्ट' हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. बंदरातून किंवा वेशीतून जाऊ देणारा कागद, असा त्याचा मूळ भाव. आपण त्याला पारपत्र म्हणतो. पार नेणारे पत्र. पण शब्द नवा असला तरी वस्तू आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा एक स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्याने प्रवाशास मुद्रा द्यावी, आणि मुद्रा असलेल्यानेच जनपदात यावे किंवा बाहेर जावे, अशी ती व्यवस्था. मुद्रा नसेल तर बारा पण दंड. खोटी मुद्रा आढळली तर त्याहून भारी, आणि खोटी मुद्रा बाळगणारा परका असेल तर सगळ्यांत भारी. मुद्रा तपासण्याचे काम गायरानांवर देखरेख करणाऱ्या विवीताध्यक्षाकडे सोपवलेले होते. म्हणजे शुल्क, तपासणी, दंड आणि परक्यावर अधिक संशय, या चारही गोष्टी ग्रंथात नीट मांडलेल्या आहेत. आजच्या विमानतळावर याहून निराळे काय असते?

मुसलमानी अमदानीत याच वस्तूला दस्तक, परवाना, राहदारी ही नावे मिळाली. आज आपण रहदारी म्हणतो ती रस्त्यावरची वर्दळ. पूर्वी त्या शब्दात वाटेवरचा कर आणि वाट मोकळी करून देणारा परवाना, असे दोन्ही अर्थ होते. या परवान्याचा मराठी माणसाला सर्वांत ठाऊक असलेला प्रसंग म्हणजे १६६६ सालची आग्र्याची कैद. मे महिन्यात शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारी गेले, अपमान झाला आणि डेऱ्याभोवती चौक्या बसल्या. तेव्हा महाराजांनी काय केले? आपल्याबरोबर आलेल्या माणसांना दक्षिणेत परत जाऊ द्यावे, अशी मागणी केली आणि त्यांच्यासाठी दस्तके मिळवली. आपण पेटाऱ्यांची गोष्ट सांगतो, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण ऑगस्टमध्ये महाराज निसटण्यापूर्वी त्यांची बरीच माणसे बादशाही परवान्यानिशी राजरोस बाहेर पडलेली होती. पुढे एवढा लांबचा पल्ला महाराजांनी पार केला तो वेष पालटून. परवाना ज्याच्या नावाचा निघूच शकत नव्हता, त्याला दुसरा मार्गच नव्हता.

जमिनीवर हा प्रकार, तर समुद्रावर त्याहून कडक. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी जाहीर केले, की हिंदी महासागरात आमच्या परवान्यावाचून कोणाचे जहाज फिरता कामा नये. या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. जहाजाचा नाखुदा कोण, शस्त्रे किती, जायचे कुठे, सारे त्यात लिहिलेले. तो ठरावीक सफरीपुरता असे, आणि तो नसला म्हणजे जहाज आणि माल दोन्ही जप्त. अकबरासारख्या बादशहालाही यातून सुटका नव्हती. त्याची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली. पोर्तुगीजांच्या परवान्याचा घोळ होऊन तिला सुरतेकडे जवळजवळ वर्षभर खोळंबून राहावे लागले. जमिनीवर हिंदुस्थानचा बादशहा, आणि समुद्राच्या काठावर त्याची आत्या कागदाची वाट पाहत बसलेली! बदायुनी लिहितो, की त्या काळी एका बड्या धर्मपंडिताने हजला जाणे बंधनकारक नाही असा निर्णयच दिला होता. एक कारण असे, की समुद्रमार्गे जायचे तर येशू आणि मरियम यांची चित्रे असलेला परवाना जवळ बाळगावा लागतो.

पुढे दीडशे वर्षांनी याच कोकणपट्टीत फासे उलटे पडले. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी सांगितले, की या किनाऱ्यावरून जायचे असेल तर आमचे दस्तक घ्या. दुसऱ्यांना परवाने विकणाऱ्या फिरंग्यांना हे कसे रुचावे? इंग्रजांनी ते नाकारले आणि कान्होजींना चाचा ठरवले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, यावरून प्रत्यक्ष लढाई झाली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. कारण परवाना हा नुसता कागद नव्हे. या दारावर सत्ता कोणाची, त्याची ती निशाणी आहे. काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. दार ज्याचे, अट त्याची.

एकोणिसाव्या शतकात मात्र एक मौजेचा काळ येऊन गेला. आगगाड्या आणि आगबोटी वाढल्या, माणसांची ये-जा इतकी झाली की परवाने तपासत बसणे अनेक देशांना परवडेना. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या वाटेत समाजाची टीका होती, पैशाची चणचण होती, जेवणाखाण्याचे हाल होते. पण अमेरिकेत उतरायला पासपोर्ट दाखवावा लागे असा नियम त्या वेळी नव्हता. आज वैद्यकीच्या शिक्षणासाठी निघालेल्या एखाद्या मुलीला हे सांगितले तर तिचा विश्वास बसणार नाही.

पण ही मोकळीक सर्वांसाठी नव्हती. त्याच शतकात रत्नागिरीकडचे अनेक कष्टकरी करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेले. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. करार संपल्यावरसुद्धा तिथल्या हिंदी मजुराला आपले छायाचित्र लावलेले तिकीट सतत जवळ बाळगावे लागे, आणि ते नसले की शिपाई धरून नेई. १८६७ च्या कायद्याने ही सक्ती केली होती. ट्रान्सवालमध्ये १९०६ साली हिंदी लोकांनी दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणीपत्र घ्यावे असा हुकूम निघाला. गांधीजींचा सत्याग्रह जन्मला तो या कागदाच्या विरोधात, आणि १९०८ च्या ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या मशिदीच्या आवारात त्या नोंदणीपत्रांची होळी झाली.

याहून बोलके उदाहरण कोमागाटा मारूचे. १९१४ च्या मे महिन्यात हे जहाज ३७६ हिंदी उतारूंना घेऊन कॅनडाच्या व्हॅंकूवर बंदरात पोहोचले. उतारू ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन आणि कॅनडाही त्याच साम्राज्यात. मग अडचण काय? अडचण अशी, की कॅनडाने १९०८ साली एक नियम केला होता : येणाऱ्याने आपल्या मायदेशातून, वाटेत जहाज न बदलता, थेट आले पाहिजे. हिंदुस्थानातून कॅनडाला अशी थेट बोट मिळणे जवळपास अशक्यच होते. नियमात कुठेही 'हिंदी' हा शब्द नव्हता. पण तो लागू पडे तो आपल्यालाच. दोन महिने माणसे जहाजावर अडकून राहिली, मोजके सोडून कोणाला उतरू दिले नाही, आणि २३ जुलैला जहाज परत लावले. सप्टेंबरअखेर ते कलकत्त्याजवळ बजबज येथे लागले, तिथे पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. काकांच्या बारशाची खंत आणि ही शोकांतिका यांची तुलना होऊ शकत नाही. तरी दोन्हींत एक धागा समान आहे : तुमचा कागद खरा असूनही तुम्हाला दाराबाहेर ठेवणारा नियम दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी केलेला असतो.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि मोकळिकीचा काळ संपला. कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन माणसाच्या खऱ्याखुऱ्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये वावरला. पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळी घातली. कागद खरा, पण माणूस दुसरा! अशा धड्यांनंतर पासपोर्टावर छायाचित्र चिकटवणे सक्तीचे झाले. हिंदुस्थानातही युद्धकाळातील भारत संरक्षण कायद्याखाली पासपोर्टाची सक्ती आली. युद्धापुरती म्हणून आली ती राहूनच गेली. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली. पासपोर्ट अजिबात नाहीसे व्हावेत अशी तिथे इच्छा व्यक्त झाली. पण आज ते शक्य नाही असे म्हणून सगळ्यांनी सारख्या नमुन्याच्या, बत्तीस पानांच्या पुस्तिकेची शिफारस केली. तात्पुरते म्हणून घरी आलेले पाहुणे कायमचे राहतात, तसे हे झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टाचा कायदा झाला. परदेशातून येथे प्रवेश करणाऱ्यांविषयीचा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि २०२५ साली नवा कायदा येऊन तो रद्द झाला. एकशेपाच वर्षे!

स्वातंत्र्य मिळाले तरी नागरिकाला पासपोर्ट मागण्याचा हक्क आहे की ती सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न वीस वर्षे लोंबकळत होता. देश सोडण्यापूर्वी पासपोर्ट हवा, आणि तो द्यायचा की नाही याबद्दल कायदा मुका, अशी अवस्था. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याचा पासपोर्ट सरकारने परत मागितला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायद्यावाचून तो हिरावून घेता येत नाही. तेव्हा सरकारला घाईने कायदा करावा लागला. तोच १९६७ चा पासपोर्ट कायदा. पुढे १९७७ साली मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला, आणि २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीतसुद्धा न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे.

वाचकहो, हा आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील अभिमानाचा भाग आहे. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. दिल्लीच्या न्यायालयाने आपल्याला घराचे दार उघडून दिले. समोरच्या घराचे दार उघडण्याचा हक्क ते कसे देणार? घरातून निघणे हा हक्क. दुसऱ्याकडे शिरणे ही परवानगी. काकांची गल्लत झाली ती इथे. त्यांच्या पासपोर्टावरची तारीख म्हणजे भारत सरकार किती काळ त्यांना आपला म्हणून ओळख देणार, एवढेच. इंडोनेशिया त्यांना आत कधी घेणार, हे त्या तारखेत लिहिलेले नसते.

मग हे सहा महिने आले कुठून? विचार अगदी व्यवहारी आहे. पाहुणा महिनाभर राहायला आला. आजारी पडला, विमाने बंद झाली, काही अडचणीने अडकला आणि तोवर त्याचा पासपोर्ट संपला, तर त्याला परत पाठवायचे कोणत्या कागदावर? म्हणून यजमान देश हाताशी थोडी सवड मागतो. कोणी सहा महिने मागतो : इंडोनेशिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती ही त्यांतली नावे. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशेब निराळा : तिथून निघण्याच्या ठरलेल्या दिवसानंतर निदान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा. म्हणजे एके ठिकाणी मोजणी पोहोचण्याच्या दिवसापासून, तर दुसरीकडे निघण्याच्या दिवसापासून. आणि विमान कंपनीची माणसे आपल्याकडेच का अडवतात? कारण अपुऱ्या कागदांचा उतारू नेला तर अनेक देश त्या कंपनीलाच दंड करतात आणि त्याला परत आणायला लावतात. खिडकीमागची ती मुलगी निष्ठुर नव्हती. ती जकार्त्याचे दार पुण्यामुंबईच्या वाटेवर राखत होती, इतकेच.

तारीख शिल्लक असून कागद निरुपयोगी ठरण्याचा आणखी एक दाखला आपल्याच देशातला आहे. पूर्वी पासपोर्ट हाताने लिहीत, छायाचित्र डकवीत, आणि काहींना तर वीस वर्षांची मुदत मिळालेली होती. यंत्राने वाचता येणाऱ्या पासपोर्टाचा नमुना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० साली ठरवला, आणि हस्तलिखित पासपोर्ट बंद करण्यासाठी २४ नोव्हेंबर २०१५ ही शेवटची तारीख नेमली. त्या दिवसानंतर असा पासपोर्ट घेऊन निघणाऱ्याला परदेशाने प्रवेश किंवा व्हिसा नाकारला तर इलाज नव्हता. वर मुदत कितीही शिल्लक असो. उलट बाजूने, मुदत आहे पण जागा नाही, असेही होई. वर्णभेदाच्या काळात आपल्या पासपोर्टावर दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शेरा असे. मुदत काळाची असते तशी स्थळाचीही असते.

तेव्हा आता जाणाऱ्याने काय करावे? तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्ट उघडावा; पेटी भरताना नव्हे. संपण्याची तारीख पाहावी आणि ती परतीच्या दिवसाशी न ताडता जाणाऱ्या देशाच्या नियमाशी ताडावी. तो नियम त्या देशाच्या वकिलातीकडे आणि विमान कंपनीकडे विचारावा. शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये, कारण नियम बदलतात. वाटेत विमान बदलायचे असेल तर त्या मधल्या देशाचेही पाहावे. कोरी पाने उरली आहेत का तेही पाहावे. शिक्का मारायला जागा नसली तर पुष्कळ ठिकाणी अडवतात. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टावरचे नाव अक्षरशः एक आहे ना, तेही बघावे. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण लहान मुलांचा पाचच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पुरी होईपर्यंतचा. आईबापांचे कागद ठीक आणि मुलाचाच संपलेला, असे पुष्कळदा घडते. आपल्याकडे मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो. ही सवड असते ती वापरण्यासाठीच.

परवा काका भेटले. नातू आता चालू लागला आहे. त्यांनी आपल्या पावत्यांच्या फायलीत एक नवा कागद लावला आहे. घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टाची तारीख, आणि तिच्यासमोर सहा महिने आधीची दुसरी तारीख तांबड्या शाईने. म्हणाले, "पहिली तारीख सरकारची, दुसरी आपली." मला वाटते, इतिहासाच्या एका तासाचे सार त्यांनी दोन ओळींत सांगितले. त्या यादीत नातवाचेही नाव आहे. त्याच्या पासपोर्टाची मुदत पाच वर्षांची. काकांनी ती आत्ताच मोजून ठेवली आहे.